साळूच्या पाठीवरची पानं

त्या खोऱ्यात कामांना तोटा नव्हता. कामं लक्षात ठेवणाऱ्यांचा होता. म्हणून तिथल्या प्राण्यांनी फार पूर्वीच ती जबाबदारी साळिंदरांच्या घराण्याकडे सोपवली होती. ज्याला काही करून हवं असेल त्याने पानावर खूण ओरखडून आणायची आणि ते पान साळिंदराच्या पाठीवरच्या काट्याला टोचायचं. एक काम, एक पान, एक काटा. काम झालं की ज्याने ते केलं त्यानेच यायचं आणि आपल्या तोंडाने पान काढून न्यायचं.

ही गोष्ट घडली तेव्हा ही पानं साळू वाहत होती. पान टोचून घेण्याआधी ती दोनच प्रश्न विचारी: कोण करणार, आणि कधीपर्यंत. उत्तर मिळेपर्यंत ती पाठ वळवत नसे. मग स्वतः चालत करणाऱ्याकडे जाई, त्याला पान दाखवी, आणि त्याने हो म्हटल्यावरच परत फिरे. कुठल्या काट्यावर कुणाचं पान आहे आणि ते किती दिवस वाळत पडलंय, हे तिला डोळे मिटूनही सांगता येई. कामं सावकाश होत, पण होत.

बाकीच्या घरांचा कारभारही वाईट नव्हता. बगळा एका पायावर उभा राहून दिवस राखी. कोणत्या दिवशी काय ठरलंय ते त्याला विचारावं. कबुतरं निरोप नेत. खारीकडे कोठार होतं. अडचण एवढीच, की या घरांचं एकमेकांशी बोलणं साळूच्या चार पायांवर चाले. एका वर्षी बोरं उतरवायचा दिवस बगळ्याने अलीकडे आणला. साळू खारीपर्यंत पोचेतो चार दिवस गेले, आणि उतरवलेली बोरं कोठाराबाहेर दवात भिजून सडली. खारीने खोरं डोक्यावर घेतलं. तिचंही चुकत नव्हतं.

खोऱ्याचा कारभार थोरल्या गव्याकडे होता. त्याने पलीकडच्या रानातून कोळिणीला बोलावणं धाडलं. तिच्या धाग्यांची ख्याती होती. एका टोकाला हिसका बसला की दुसऱ्या टोकाला नेमका तेवढाच हिसका पोचे. कोळीण कामाची पक्की होती. विणायला बसण्याआधी ती साळूकडे आली.

“धागा मी कुठूनही कुठेही नेईन,” ती म्हणाली. “पण त्यातून काय जायला हवं ते तू सांग. पाठ तुझी आहे.”

साळूने विचार करायला एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “बगळ्याने दिवस बदलला तर तेवढं मला लगेच कळू दे. निरोपातलं एखादं काम कुणी मुद्दाम वेगळं काढून दिलं, तर तेवढंच पान येऊ दे, मागणाऱ्याच्या नावासकट. पण धाग्याने पान फक्त यावं. धाग्याने जाऊ नये. काढायला करणाऱ्यानेच यावं.”

कोळिणीला हे पटलं. सभेला पटलं नाही. निरोपांतून काम वेगळं काढत बसायला आम्हाला वेळ कुठला, असं कबुतरांचं म्हणणं पडलं. आमचे सगळेच निरोप महत्त्वाचे असतात. खारीने विचारलं, की शेवटी चालत यायचंच असेल तर धागा हवा कशाला. बगळा काही बोलला नाही, आणि त्याचं न बोलणं होकारात धरलं गेलं. गव्याने सांगितलं, की असं हात राखून काम करणं या खोऱ्याला शोभत नाही. सगळ्यांचं सगळं सगळ्यांशी जोडावं. कोळिणीने साळूकडे एकदा पाहिलं आणि ती विणायला लागली.

पहिले आठ दिवस कौतुकात गेले. कबुतराने निरोप घुमवला की साळूच्या काट्यावर आपोआप पान उगवे. बगळ्याने मान वळवली की पानावर तिथी उमटे. खारीने कोठारात काही ठेवलं की त्याचं पान आपोआप गळून पडे. आता साळूला पाय झिजवावे लागणार नाहीत, असं जो तो तिला सांगून जाई.

मग निरोप वाढले, कारण निरोप धाडणं सोपं झालं. ‘आज ऊन बरं आहे’ याचं पान उगवलं. ‘हो, बरं आहे’ याचंही उगवलं. एकच काम कबुतरांकडून, बगळ्याकडून आणि खारीकडून तीन वाटांनी येई आणि तीन काट्यांवर बसे. काटे संपले तेव्हा पानावर पान बसू लागलं. साळूला आता कुणाचं कुठलं हे कळेनासं झालं. ती हलली तर धागे ताणत आणि तिन्ही घरांतून ओरड होई, म्हणून ती एका जागी बसून राहू लागली.

थंडी सरत आली तेव्हा टिटवी तिच्याकडे आली. टिटवीचं बिऱ्हाड वरच्या पठारावर, उघड्या जमिनीवर. दरवर्षी ऊन तापण्याआधी पठाराच्या कडेचं वाळलं गवत काढून रुंद पट्टा मोकळा करत, म्हणजे पलीकडून वणवा आला तर तिथेच थांबे. हे काम रानडुकराचं. टिटवी म्हणाली, की यंदा गवत कमरेइतकं वाढलंय आणि तिने चार अंडी घातलीत.

साळूने सवयीने विचारायला तोंड उघडलं, पण कुणाला विचारायचं? रानडुक्कर पार ओढ्यापलीकडे, आणि तिला हलायची सोय नव्हती. तिने टिटवीचं पान धाग्याला अडकवून दिलं. त्याच दिवशी ते सगळीकडे पोचलं. बगळ्याने दिवस राखला, खारीने अवजारांची जागा नोंदली, कबुतरांनी निरोप दिला. रानडुकराच्या कानाला बांधलेल्या धाग्यावर त्या सकाळी ऐंशी हिसके बसले होते. कान चुरचुरायला लागला म्हणून त्याने तो झाडाच्या बुंध्यावर खसाखसा घासला.

घासण्याचा हिसका धाग्याने परत नेला. रानडुकराकडून हिसका आला म्हणजे काम झालं, असं ठरलेलंच होतं. तिन्ही घरांत नोंद बदलली आणि साळूच्या पाठीवरून ऐंशी पानं एकदम गळाली. त्यात टिटवीचंही होतं. साळूने ते पडताना पाहिलं. रानडुकराने एका सकाळीत एवढं कसं केलं, हा विचार तिच्या मनात आला. पण पाठ हलकी झाली होती, कित्येक दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेता येत होता. तिने तो विचार पुढे नेला नाही.

पंधरा दिवसांनी टिटवी पुन्हा आली. “गवत आहे तसंच आहे,” ती म्हणाली.

साळूने धागे चाचपले. काम झाल्याचं तिन्ही घरं सांगत होती. टिटवीने गव्याकडे दाद मागितली. गव्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की तीन घरं एक सांगतात आणि एक टिटवी दुसरं सांगते, तर त्याने कुणाचं धरावं? टिटव्या जन्मापासून ओरडतच असतात, हे तो म्हणाला नाही, बाकीचे म्हणाले.

टिटवी परत साळूकडे वळली. “तू वर येऊन बघ,” ती म्हणाली. “अर्ध्या दिवसाची वाट आहे. तू बघितलंस तर ते ऐकतील.”

साळू उठली. चार पावलं गेली असेल नसेल, पाठीवरचे सगळे धागे ताठ झाले. कबुतरांचे निरोप अडकले, बगळ्याचे दिवस सरकले, खारीचं कोठार बंद पडलं, आणि खोरंभर ओरडा झाला. साळू थोडा वेळ तशीच ताणलेली उभी राहिली. धागा नाजूक होता. अंग झटकलं असतं तर तुटला असता. ती मागे सरली आणि खाली बसली. टिटवी उडून गेली.

आठच दिवसांनी, भर दुपारी वणवा आला. तो पट्ट्यापाशी थांबला नाही, कारण पट्टाच नव्हता. पठार पेटलं, उतार पेटला, आणि खोऱ्यातले सगळे ओढ्याच्या पाण्यात जाऊन उभे राहिले. साळूने त्या दिवशी अंग झटकलं. धागे साध्या कोळिष्टकासारखे तुटले, जराही जोर लागला नाही.

राख निवल्यावर सभा भरली. नोंदी तपासल्या तेव्हा सगळ्या एकमेकींशी तंतोतंत जुळल्या. कुठल्याच घराची चूक निघाली नाही. रानडुकराला खरोखरच काही आठवत नव्हतं. साळू उभी राहून म्हणाली, “पट्टा कापलेला नव्हता. मी बघायला गेले नाही.” गव्याने मान डोलावली, पण हे धाग्यावरून आलेलं नसल्यामुळे ते कुठल्याच घरात नोंदलं गेलं नाही. धागे गेले हे मोठं नुकसान झालं, यावर एकमत झालं. कोळिणीला आणखी जाड सूत काढायला सांगितलं. तिने साळूच्या पाठीला नवी टोकं बांधली. साळूने पाठ पुढे केली, एवढंच.

नव्या धाग्यांवरून पहिला निरोप कबुतरांचा गेला: टिटवीचं सांत्वन करायला कुणीतरी जावं. निरोप हृद्य होता. त्याचं पान साळूच्या मधल्या काट्यावर उगवलं. बगळ्याने त्याला दिवस दिला, खारीने जागा दिली, घराघरांतून हळहळीचे हिसके आले, आणि सूर्य माथ्यावर येण्याच्या आत ते पान पूर्ण होऊन साळूच्या पायाशी पडलं.

वर काळ्या पठारावर त्या वेळी टिटवी उभी होती. चार कोळसा झालेल्या अंड्यांना ऊन लागू नये म्हणून तिने दोन्ही पंख पसरून धरले होते, आणि वर चढणाऱ्या वाटेवरच्या राखेत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.