आवडाक्काची मूठ

फार वर्षं झाली. घाटात गाडीवाटसुद्धा नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. हुंबरवणे गावात आवडाक्का नावाची बाई अंबाडीचे दोर वळायची. तिची लेक येसू वरच्या वाडीत दिलेली. एका आषाढात दरड कोसळली आणि वाडीच्या वाटेवरचा, घळीवरचा साकव घेऊन गेली. पलीकडे एकोणीस घरं अडकली. दाणे संपत आले होते आणि येसू तर ओली बाळंतीण.

घळ ओलांडेल एवढं लांब लाकूड एकच होतं, खाली नदीकाठी पडलेलं ऐनाचं झाड. ते डोंगरावर घळीपर्यंत ओढायला गावाने रेडे जुंपले. चिखलात रेड्यांनी गुडघे टेकले, पण लाकूड तसूभर हललं नाही. पाटील म्हणाले, "देवाची मर्जी." आवडाक्का भडकली.

"मोटंचं बैल चढाला चालत्यात का उताराला? मग वढणाऱ्याला चढाला का लावताय?"

तिने दोर माथ्यावरच्या जांभळीला वळसा घालून परत खाली आणला. सगळं गाव तो धरून उताराने चालू लागलं, आणि काय सांगू, ते प्रचंड लाकूड डोंगर चढू लागलं! लाकडाला दुसरा दोर बांधून आवडाक्का वर उभी राहिली. लाकूड हातभर वर आलं की ती तेवढा दोर शेजारच्या झाडाच्या बुंध्याला गुंडाळून ताणून धरी, म्हणजे ते मागे घसरणार नाही.

माथा चार हातांवर आला आणि ओढायचा दोर तुटला. माणसं एकमेकांवर कोलमडली. लाकूड थांबलं ते एकट्या बाईच्या मुठीत. असं म्हणतात, बुंध्यातून धूर निघाला. असंही म्हणतात की त्या झाडाने जमिनीत मुळं आवळून घेतली. गावाने लुगडी, धोतरं, पाटलांचं पागोटंसुद्धा पिळून नवा दोर वळला. त्याला दोन दिवस लागले. दोन्ही दिवस आवडाक्का जागची हलली नाही.

अखेर लाकूड घळीवर बसलं. येसू तान्ह्याला छातीशी धरून त्यावरून धावत आली.

"आये, सोड आता. आलोय आमी."

पण मूठ काही उघडेना. येसूने रडत रडत आईचं एकेक बोट सोडवलं.

हुंबरवण्यात आजही घराचं आढं चढवताना दोराचं टोक गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईच्या हाती देतात. आढं बसलं तरी ती दोर टाकत नाही. तिची लेक येते, एकेक बोट सोडवते, आणि तोवर नव्या घरात कोणी पाऊल टाकत नाही. जिला लेक नाही, तिची बोटं सोडवायला गावातल्या साऱ्या पोरी धावतात.