निळी दारं आणि जायफळाची कॉफी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा जनावरं बोलायची आणि माणसं ऐकायची नाहीत. जनावरं पुढे गप्प झाली. माणसांचं म्हणाल, तर ती होती तशीच आहेत.

तर लहानथोर मंडळी, एका डोंगराळ राज्यात कॉफी पिकायची. राजधानीपासून समुद्रापर्यंत एकच मोठा रस्ता होता. त्याला ठिकठिकाणी फाटे होते आणि प्रत्येक फाट्यावर कॉफीची एक टपरी होती. कुठे कॉफीत गूळ, कुठे सुंठ. एक म्हातारा तर इतकी कडू कॉफी द्यायचा, की पिणाऱ्याचं तोंड वाकडं व्हायचं. तरी लोक त्याच्याकडे थांबायचे, कारण तो नकला झकास करायचा.

रस्त्यावर पाट्या नव्हत्या आणि कुणाचं अडतही नव्हतं. "गुळाची कॉफी लागली की डावीकडे वळा, सुंठेची लागली की सरळ जा," एवढं सांगितलं की नवखा माणूससुद्धा बिनचूक पोचायचा.

घाटमाथ्यावरची टपरी एका बाईची होती. दार इतकं ठेंगणं, की मान न वाकवणाऱ्याचं कपाळ शेकून निघे. तिच्या कॉफीत जायफळ असायचं. पेला हातात देण्याआधी ती प्रत्येकाला विचारायची, "कुठनं आलात? कुठं निघालात?" आणि उत्तर ऐकूनच कॉफी करायची. चढून दमलेल्याला दाट आणि गोड, उतरणाऱ्याला बेताची.

मग राजधानीतल्या एका सौदागराने त्या रस्त्यावर दुकानं काढायला सुरुवात केली. प्रत्येक दुकानाचं दार निळं, बाकं सारखी, पेले सारखे. कॉफीचा अर्क राजधानीत एकाच मोठ्या भट्टीवर उकळायचा आणि बुधल्यांत भरून खेचरांवर लादून सगळीकडे जायचा. खोटं का बोलू, कॉफी वाईट नव्हती. पेले लख्ख असायचे आणि दारात कुणाचं कपाळही आपटत नसे. लोकांना सोय झाली. ते तिकडे वळले. टपऱ्या एकेक करून बंद पडल्या, नाहीतर त्यांनी दारं निळी रंगवून घेतली. नकला करणाऱ्या म्हाताऱ्याला तर सौदागराने नोकरीवर ठेवलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, "नकला बंद."

उरली फक्त घाटमाथ्यावरची बाई.

तेवढं एक दार वेगळं राहिलं, हे सौदागराला खुपायला लागलं. राजाकडून हुकूम लिहून घेऊन तो तिच्याकडे गेला. दारात त्याचं कपाळ आपटलं, त्यामुळे बोलणं रागातच सुरू झालं.

"बाई, आजपासून या रस्त्यावर एकच कॉफी विकली जाईल. दार निळं कर, माझा अर्क घे. जमत नसेल तर चूल विझव."

"या चुलीवर माझं पोट हाय शेठ. आन् तुमच्या अर्कात जायफळ किती?"

"जायफळ नाहीच. आणि हवंच असेल, तर बारा महिने सगळीकडे एकाच मापाने पडेल."

"वारा बारा महिने एकाच मापानं वाहतो व्हय? मला न्हाई जमायचं. दार बी तसंच ऱ्हाईल आन् चूल बी. तुमच्या राजालाच घेऊन या विझवायला."

सौदागर खरोखरच राजाला घेऊन निघाला. राजालाही पाहायचं होतं, की आपला हुकूम झुगारणारी ही बाई आहे तरी कोण. राजा घोड्यावर होता, सौदागर आपल्या म्हाताऱ्या खेचरावर. घाटाच्या पायथ्याशी त्यांना धुक्याने गाठलं. समोरचं काही दिसेना.

तेवढ्यात एक निळं दार लागलं. "हे नदीकाठचं दुकान महाराज, इथून डावीकडे," सौदागर ऐटीत म्हणाला. डावीकडे गेल्यावर पुन्हा निळं दार आलं. "हे वडाजवळचं. आता सरळ." मग आणखी एक निळं दार. आता मात्र सौदागर दाराकडे निरखून पाहू लागला. हे कुठलं दुकान, हे त्याला ओळखता येईना. आत जाऊन विचारावं, तर स्वतःच्याच दुकानात 'मी कुठे आहे' असं विचारायचं कुठल्या तोंडाने?

शेवटी राजानेच दार ठोठावलं. आतला नोकर हात जोडून म्हणाला, "क्षमा असावी महाराज, मी कालच इथे आलो. शेठ आम्हाला सारखे इकडून तिकडे हलवतात. सगळी दुकानं एकसारखी, म्हणून हा कुठला फाटा हे आम्ही विचारतच नाही."

ते पुन्हा निघाले. बराच वेळ चालल्यावर खेचर जागच्या जागी थांबलं.

"चल!" सौदागराने टाच मारली.

"नाही चालत," खेचर म्हणालं. "पायाखालचा दगड आत्ता खाली गेला, तो पडल्याचा आवाजच आला नाही. पुढे कडा आहे."

राजाने घाईने लगाम खेचला.

"तुमच्या दारांवरून मला काही कळत नाही शेठ, सगळ्यांना एकच वास," खेचर म्हणालं. "पण उजव्या हाताला जायफळ जळतंय. मला विचारलं असतंत, तर मघाशीच सांगितलं असतं."

ते वासाच्या मागे निघालं आणि राजाचा घोडा त्याच्या मागे. शेवटी एक ठेंगणं दार आलं. राजाने मान वाकवली. सौदागराचं कपाळ दुसऱ्यांदा आपटलं.

बाईने नेहमीसारखं विचारलं, "कुठनं आलात?"

"ते आता आम्हालाच ठाऊक नाही," राजा म्हणाला.

"आन् कुठं निघालात?"

राजा खोटं बोलणारा नव्हता. "तुझी चूल विझवायला."

बाईने चुलीपाशी पाट सरकवला. "मग आधी हिच्याजवळ बसा. बोटं गारठल्यात तुमची. असल्या हातांनी न्हाई जमायचं ते."

राजा कॉफी प्यायला. त्याची बोटं सैल झाली, चेहऱ्यावर रंग आला. "जायफळ जरा जास्त झालंय," तो म्हणाला.

"धुक्यात जास्तच घालते. एक तुकडा निखाऱ्यावर बी टाकते. वाट चुकलेल्याला वास जातो."

राजाने सौदागराच्या हातातून हुकूम घेतला आणि तिच्याच चुलीत टाकला. "या रस्त्यावर ज्याने त्याने आपापल्या हातची कॉफी करावी," तो म्हणाला.

सौदागर मोठा हुशार माणूस. तो लगेच पुढे सरसावला. "बाई, चुकलं माझं! आता असं करू, सगळ्या फाट्यांवर अशीच दुकानं काढू. असंच ठेंगणं दार, हेच जायफळ, हाच प्रश्न!"

बाई खळखळून हसली. "म्हंजे लोक पुन्यांदा चुकायचे. फकस्त या खेपेला जायफळ हुंगत हुंगत."

बाहेर खेचरही हसलं, आणि या वेळी ते सगळ्यांनी ऐकलं.

पुढे महिन्याभरात निळा रंग ठिकठिकाणी खरवडला गेला. गूळ परतला, सुंठ परतली. म्हाताऱ्याने नोकरी सोडून आपली टपरी उघडली आणि पहिली नक्कल केली ती कपाळ चोळणाऱ्या सौदागराची. सौदागराचं राजधानीतलं दुकान तेवढं राहिलं. तिथे तो आता स्वतः कॉफी करतो आणि येणाऱ्याला कुठून आलात ते विचारतो. त्या राज्यात कुणी वाट चुकल्याचं मग ऐकू आलं नाही.

बोध: सगळीकडे सारखं असतं ते आपल्याला वाट दाखवू शकत नाही, म्हणून आपलं वेगळेपण राजाच्या हुकमानेही पुसू देऊ नये.