कुकरचे सात देश

भांडी उघडउघड बोलत असत त्या काळातली, म्हणजे मागच्याच उन्हाळ्यातली ही गोष्ट. अच्युतराव आणि वसुधाताई राहायची-रांधायची सोय असलेली कॅम्परव्हॅन घेऊन तीन महिने युरोपभर हिंडले आणि घरी परतले. त्यांच्याबरोबर गेलेला कुकर ओट्यावर बसला तो छाती फुगवूनच.

"सात देश पाहिले," तो म्हणाला. "डोंगर काय, समुद्र काय!"

जन्मात स्वयंपाकघराबाहेर न पडलेला लोखंडी तवा सरसावून बसला. "समुद्र कसा असतो हो?"

"आता... मी सीटखालच्या कपाटात होतो. पण खारट वास आला बरं का! का तो शेजारच्या लोणच्याचा होता, कोण जाणे." कुकरने घाईघाईने विषय बदलला. "मान मात्र काय मिळाला! माझी शिट्टी झाली की आजूबाजूच्या गाड्यांतली माणसं ताडकन उभी राहायची."

"मग?"

"मग पळायची."

तव्याला हसू आवरेना. कुकर भडकला. "तुला काय कळणार? घरकोंबडा कुठला!"

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत शेजारच्या मालतीबाईंनी विचारलं, "एवढं फिरलात, सगळ्यात जास्त काय आवडलं?"

नवराबायको एकदमच म्हणाले, "वरणभात! रोज, प्रत्येक देशात, अगदी घरच्यासारखा!"

"ऐकलंस?" कुकर म्हणाला.

"ऐकलं की," तवा म्हणाला. "आता एवढंच सांगा, तुम्ही तिघं परत आलात, ते नेमकं कुठून?"