पांगुळगाड्याची तीन चाके

एकदा एका गावात एक वृद्ध कातारी राहत असे. लाकूड कातून त्याची खेळणी करावीत, त्यांवर लाखेचे रंग चढवावेत, हा त्याचा पिढीजात व्यवसाय. गोष्टींतले वृद्ध सहसा झाडाखाली बसून उपदेश करतात. या वृद्धाला तेवढी सवड नव्हती. दिवसभर हातात पटाशी आणि अंगावर लाकडाचा भुसा. तरी सारे गाव त्याला गुरुजी म्हणे, कारण पंचक्रोशीतले निम्मे कारागीर त्याच्या हाताखाली शिकून गेले होते. त्याचे बोलणे कमी, आणि जे असे ते बहुधा "पुन्हा कर" एवढेच असे.

त्याच्याकडे एक शिष्य होता. वय वर्षे सतरा. ओठांवर मिसरूड नुकती फुटत होती, पण हात असा की गुरुजींनाही त्याचे नवल वाटे. त्या काळी लग्ने लवकर होत आणि ज्यांचे लग्न, त्यांना विचारण्याची पद्धत नव्हती. या मुलाचे पंधराव्या वर्षी लग्न झाले आणि सोळावे सरता सरता तो बाप झाला. मुलगा झाल्याचा निरोप आला तेव्हा तो गल्लीत विटीदांडू खेळत होता, आणि रंगलेला डाव सोडावा लागला म्हणून कुरकुरत घरी गेला, असे त्याचे सोबती हसून सांगत. मला मात्र ही हकिकत ऐकून कधी हसू आले नाही.

ते मूल आता दहा महिन्यांचे झाले होते आणि भिंतीला धरून उभे राहू लागले होते. शिष्याने त्याच्यासाठी पांगुळगाडा करायला घेतला. रोजचे काम आटोपल्यावर तो त्याला हात घाली. असे बारा दिवस गेले. तीन चाके, धरायला आडवी दांडी, दांडीवर एक हिरवा राघू, आणि चाक फिरले की राघूने मान डोलवावी अशी आतून योजना. तेराव्या दिवशी त्याने तो गुरुजींपुढे ठेवला.

गुरुजींनी तो उलटा केला, सुलटा केला, चाके फिरवून पाहिली. मग म्हणाले, "छान."

इतक्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. शिष्याला आभाळ ठेंगणे झाले. परंतु दुसऱ्याच क्षणी गुरुजींनी सांडशी उचलली, चाकांच्या खुंट्या एकेक करून उपसल्या, तिन्ही चाके काढून आपल्या पेटीत टाकली आणि उरलेला सांगाडा शिष्याच्या हाती दिला.

"हं. आता घेऊन जा घरी."

शिष्य बघतच राहिला. "गुरुजी, काही चुकलं का माझं?"

"कामात काही चुकलं नाही."

"मग चाकं का काढलीत? आता पोर चालायला शिकेल कसं?"

"तू कसा शिकलास?"

"मी? कुणाचं तरी बोट धरूनच शिकलो असेन."

"मग त्यालाही कुणाचं तरी बोट लागेल. कुणाचं देशील?"

"आई आहे ना घरात. ती पण आहे," शिष्य म्हणाला. बायकोचे नाव घेण्याची रीत नव्हती, म्हणून 'ती'.

"आणि तू?"

शिष्याने मान खाली घातली. "अण्णा ओटीवर बसलेले असतात, गुरुजी."

अण्णा म्हणजे त्याचे वडील. आजच्या वाचकाला हे उत्तर कळणार नाही, म्हणून सांगतो. वडीलधाऱ्यांदेखत आपले मूल उचलू नये, त्याला नावाने हाक मारू नये, ते रडले तरी वळून पाहू नये, अशी तेव्हा घरोघर रीत होती. आजोबांनी त्याला खांद्यावर घेऊन गावभर मिरवावे, काकांनी त्याला लाडावून ठेवावे. बापाने मात्र ते शेजारच्यांचे मूल असल्यासारखे वागावे. जो तसे वागणार नाही तो निर्लज्ज. भल्याभल्यांनी ही रीत पाळली, आणि पाळली याचा अभिमानही बाळगला.

"दहा महिन्यांत किती वेळा घेतलंस त्याला?" गुरुजींनी विचारले.

शिष्य पायाच्या अंगठ्याने भुशात रेघा ओढीत राहिला. शेवटी म्हणाला, "झोपलेला असताना हात लावून बघितलंय."

गुरुजी उठले. आढ्याला एक जुना पांगुळगाडा टांगलेला होता. नवे शिष्य त्याविषयी एकदा विचारीत, उत्तर मिळत नसे, आणि मग कुणी विचारीत नसे. आज गुरुजींनी तो स्वतः खाली उतरवला आणि धोतराच्या सोग्याने पुसला. त्याच्या दांडीवरचा तांबडा रंग दोन ठिकाणी पार झिजून आतले लाकूड उघडे पडले होते.

"हा मी केला तेव्हा मीही सतरा वर्षांचा होतो," गुरुजी म्हणाले. "आमचे आबाही ओटीवरच बसत. गाडा करून मी आईकडे दिला आणि मोकळा झालो. एके दिवशी पोरगं हा गाडा ढकलत अंगण ओलांडून थेट माझ्यापाशी आलं. दांडी सोडली आणि दोन्ही हात वर केले. मी ओटीकडे पाहिलं. आबा माझ्याकडेच बघत होते. मी मागे सरलो."

"मग?"

"मग काय? पडलं. हनुवटी फुटली. आईनं धावत येऊन उचललं. मी विहिरीवर निघून गेलो, जसं काही पाणी आणायचंच होतं."

गुरुजींनी जुन्या गाड्याचे एक चाक बोटाने फिरवले. मग पुढे म्हणाले, "त्या रात्री हिनं मला विनवलं, एकदा घ्या ना त्याला. फक्त एकदा. आयुष्यात तिनं माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हणालो, आबा काय म्हणतील? ती तेव्हा पंधराची होती रे. चार घरच्या मुली अंगणात सागरगोटे खेळायच्या, आणि ही दारात पोर कडेवर घेऊन त्यांचा खेळ बघायची. मला लपायला रीत होती, विहीर होती, हा कारखाना होता. तिला कुठं लपायला जागाच नव्हती."

"पण गुरुजी, रीतच तशी होती. तुमचा काय दोष?"

"मीही पुष्कळ वर्षं हेच म्हणालो," गुरुजी म्हणाले. "रीत होती हे खरं. पण ती मला सोयीची होती, हे त्याहून खरं. मी भेदरलो होतो. ते एवढंसं लाल गाठोडं माझं आहे, याची मला लाज वाटायची. सोबती चिडवायचे. रीत मोडायची नाही असं म्हटलं, की बाप व्हावं लागत नव्हतं. कोवळ्या वयात बाप झालो, ते माझ्या हातात नव्हतं. थोरांनी ठरवलं, मी बोहल्यावर उभा राहिलो. पण बाप झाल्यावरही पोरच बनून राहिलो, ते मात्र माझं. त्याचा दोष आबांना देऊन भागत नाही."

शिष्याने दबक्या आवाजात विचारले, "आता तुमचा मुलगा कुठं असतो?"

"इथंच, पेठेत. त्याचं दुकान आहे. सणावाराला येतो, पाया पडतो. घरात माझे धाकटे भाऊ मला दादा म्हणायचे आणि तिला वहिनी. त्यांचं ऐकून तोही तेच म्हणायला शिकला. आजीला आई म्हणायचा. जिनं जन्म दिला ती वहिनी म्हणूनच मेली. मी एकदा त्याला म्हणालो, मला बाबा म्हण. तो हसला. म्हणाला, दादा, आता जीभ वळत नाही. खोटं नाही, खरंच वळत नव्हती. त्याच्या मनात माझ्याविषयी राग नाही. राग असता तर निदान मी समजलो असतो, की कधीतरी त्यानं माझी वाट बघितली होती."

गुरुजींनी दांडीवरच्या त्या दोन झिजलेल्या जागांवर आपली बोटे ठेवली. जागा इतक्या लहान होत्या की बोटे नीट मावेनात.

"इथं त्याच्या मुठी होत्या. लाकूड झिजेपर्यंत त्यानं हे धरून ठेवलं. मी काम चांगलं केलं होतं, म्हणून गाड्यानं दगा दिला नाही. त्यामुळं माझ्या बोटांवाचून कुणाचंच अडलं नाही. आज आबा नाहीत, ओटीही नाही. त्याला जवळ घ्यायला मला कुणाचीही आडकाठी नाही. पण पन्नाशीच्या माणसाला कडेवर कसं घेऊ?"

शिष्य उभा राहिला. चाके नसलेला तो सांगाडा त्याने काखेत मारला आणि तो घराकडे निघाला.

घरी अण्णा ओटीवर सुपारी कातरीत बसले होते. मूल खांबाला धरून उभे होते. शिष्याने सांगाडा खाली ठेवला, तो अंगणात उकिडवा बसला आणि त्याने दोन्ही हातांच्या तर्जन्या पुढे केल्या. त्याचे कान तापून लाल झाले होते. दारात त्याची बायको सूप घेऊन उभी होती, ती तशीच खिळून राहिली. मुलाने त्याच्याकडे पाहिले, आणि त्याला न ओळखून मोठ्याने भोकाड पसरले.

अडकित्त्याचा आवाज थांबला. अण्णा खाकरले. या खाकरण्याचा अर्थ त्या घरात सर्वांना ठाऊक होता. शिष्याच्या पायांना उठून पळावेसे वाटले. विहीर त्याच्याही परसात होती. पण तो जागचा हलला नाही. पुढे सरकून त्याने रडणाऱ्या लेकराला उचलले. कसे धरायचे हे त्याला ठाऊक नव्हते, म्हणून त्याने ते लाकडाचा ओंडका उचलावा तसे छातीशी कवटाळले.

मूल त्याच्या हातांतून खाली सरकू लागले. मग ओटीवरून अण्णांचा आवाज आला, "खाली हात दे त्याच्या. घसरतोय."

एवढे बोलून ते पुन्हा सुपारी कातरू लागले. मूल घसरते आहे हे त्यांना नेमके कसे दिसले, आणि सतरा वर्षांपूर्वी त्यांच्या हातून काय निसटले होते, हे त्यांना कुणी विचारले नाही. विचारले असते तरी त्यांनी सांगितले नसते.

दुसऱ्या दिवशी शिष्य कारखान्यात उशिरा आला. असे पूर्वी कधी घडले नव्हते. गुरुजींनी मान वर करून पाहिले. त्याच्या सदऱ्याच्या खांद्यावर मऊ भाताचा एक डाग वाळून कडक झाला होता. गुरुजी त्या डागाकडे पाहत राहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"बोलतो का रे तो काही?" त्यांनी विचारले.

"अजून नाही, गुरुजी. तोंडातल्या तोंडात बडबडतो."

"मग आज इथं काय करतोयस?" गुरुजी म्हणाले. "महिन्या-दोन महिन्यांत तो पहिली हाक मारील. तुला काय म्हणायचं हे त्यानं काकांकडून शिकायच्या आत घरी जा."

शिष्य पटाशी खाली ठेवून निघून गेला. गुरुजींनी जुना पांगुळगाडा पुन्हा आढ्याला टांगला आणि कामाला बसले.

ज्याला अवेळी आईबाप व्हावे लागले, त्याचे बालपण कुणी परत देऊ शकत नाही. पण हात वर करून समोर उभ्या राहिलेल्या लेकराचा त्यात काही अपराध नसतो.