सत्तावन्न वॅट

“...म्हणजे बदलायचा की नाही, अक्का? उद्या वसुबारस. आज ठरलंच पाहिजे!”

प्राध्यापक आगटे मठाच्या पायऱ्या जवळजवळ धावतच चढून आले होते. वय चौऱ्याहत्तर. एका हातात एलईडीची नवीकोरी माळ, दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद.

मठातल्या वडीलधाऱ्या अक्का चुलीपाशी गोधडी शिवत बसल्या होत्या. चुलीवर चहाचं आधण होतं.

“आधी दम घे, मोरेश्वरा. काय बदलायचं?”

“दिवे! घरातले सगळे बदलले. गच्चीवरची माळ, जिन्यातला, तुळशीपुढचा. काय उजेड पडलाय, अक्का! आणि वीज जुन्याचा आठवा हिस्सा!”

“मग छान झालं की.”

“छानच झालं. पण... कंदील राहिला.”

अक्कांची सुई चालूच होती.

आगट्यांची पत्नी कुमुद दर दिवाळीला फिरता कंदील करत असे. आत कागदी घोडे चिकटवलेलं हलकं नळकांडं, त्याच्या डोक्यावर कागदाची पाती. खालचा दिवा तापला की गरम हवा वर जाई, पाती फिरत, आणि बाहेरच्या कागदावर घोड्यांच्या सावल्या दौडत सुटत. जाणारा-येणारा सायकलवरून उतरून बघत राही.

“काल त्यात नवा दिवा लावून पाहिला. लख्ख! पण घोडे जागचे हलेनात.”

“कुमुद काय म्हणाली?”

“म्हणाली, ‘बरं झालं, आता मोजता येतील.’”

अक्का खुदकन हसल्या. आगट्यांना हसू आलं नाही.

“त्यानंतर ती ओसरीवर फिरकलीच नाही, अक्का. एरवी जेवायला चार हाका माराव्या लागतात तिथून उठवायला.”

“मग जुना लाव.”

“कसा लावू? गल्लीच्या बैठकीत मीच उभा राहून बजावलंय, यंदा एकही जुना दिवा दिसता कामा नये! तो शेजारचा खरात टपूनच बसलाय. म्हणेल, ‘काय सर, पदार्थविज्ञान बदललं वाटतं?’”

“बदललं का?”

“छे! म्हणजे... मी तीनदा तपासलं.” आगट्यांनी घाईघाईने कागद उलगडला. “हे बघा. साठ वॅटचा जुना दिवा. उजेड जेमतेम तीन वॅटचा. उरलेले सत्तावन्न नुसती उष्णता. वाया! शुद्ध वाया! आकडेमोड चोख आहे. तरी जिवाला स्वस्थता नाही. तुम्हीच सांगा, कुठे चुकलोय का मी?”

“दे इकडे.”

अक्कांनी कागद घेतला. वाचला नाही. गोधडीवरची कात्री उचलली आणि कडेपासून कापायला सुरुवात केली.

“अक्का! एवढाच कागद आहे माझ्याकडे!”

कात्री गोल गोल आत सरकत गेली. आकडे तुटले, बेरजा तुटल्या. कागदाचं लांबलचक वेटोळं लोंबू लागलं. अक्कांनी त्याच्या मधोमध सुई खुपसली, दोरा ओढून गाठ मारली. आधण खाली उतरवलं आणि निखाऱ्यांवर, हातभर उंच, ते वेटोळं धरलं.

क्षणभर काहीच झालं नाही...

मग ते हललं. थबकलं. आणि फिरू लागलं.

आगटे गुडघ्यांची तक्रार विसरून खालीच बसले. छत्तीस वर्षं वर्गात मेणबत्ती लावून त्यांनी हेच करून दाखवलं होतं. पण तेव्हा त्यांचं तोंड फळ्याकडे असे.

“फिरतंय! अक्का, फिरतंय बघा! अहो, कुमुदला...”

हातातली माळ केव्हाच मांडीवर पडली होती.

अक्कांनी दोरा जरा खाली सोडला. वेटोळं आणखी वेगात फिरू लागलं.

“आता वाच बघू,” त्या म्हणाल्या, “वाया किती जातं ते.”