निवट्याचं दार

खाडीत चिखल. चिखलात बीळ. बिळात निवटा.

निवटा म्हणजे बोटाएवढा मासा. डोळे डोक्यावर. पाण्यात पोहतो, चिखलावर उड्या मारतो. चुपुक चुपुक.

बिळात त्याची सात अंडी. निवटा वर येई, गालात हवा भरी, आत जाई, अंड्यांना हवा देई. फुस्स.

एका सकाळी धुकं पडलं.

पाणी मागे गेलं. आवाज नाही. खेकडे आत. बगळा गप्प.

मग धुक्यातून जहाज आलं. डोंगराएवढं. खाडी एवढीशी. घुम्म. घुम्म. गेलं.

मागून लाट आली. धब्ब.

बिळाचं दार बुजलं. निवटा बाहेर, अंडी आत.

निवट्यानं उकरलं. लाट परत आली. धब्ब. परत बुजलं.

निवटा लाटेकडे गेला. चुपुक चुपुक.

“लाटे, लाटे, दार सोड.
अंड्यांना हवा मिळेना.”

लाट म्हणाली, “मी नाही सोडत. मला जहाज ढकलतं. जहाज हळू गेलं, की सोडीन.”

लाटेला डोळे नव्हते. तरी ती बघत होती.

निवटा जहाजाकडे गेला. चुपुक चुपुक. जहाज धक्क्याला उभं होतं. काळं. वर कुणी नाही.

“जहाजा, जहाजा, हळू जा.
लाट दार सोडेना,
अंड्यांना हवा मिळेना.”

जहाज म्हणालं, “मी नाही हळू जात. मला कप्तान चालवतो. कप्तानानं सांगितलं, की जाईन.”

निवटा कप्तानाकडे गेला. चुपुक चुपुक. उंच एक खिडकी. खिडकीत कुणी दिसेना.

“कप्ताना, कप्ताना, जहाजाला सांग.
जहाज हळू जाईना,
लाट दार सोडेना,
अंड्यांना हवा मिळेना.”

खिडकीतून नुसता आवाज आला. “मी नाही सांगत. चिखलात कोण राहतं? मला कुणी दिसत नाही. खुंटावर लाल फडकं दिसलं, तर कुणीतरी आहे. मग सांगेन. माल उतरला. आता मी परत निघालो.”

निवटा पळाला. चुपुक चुपुक चुपुक. कोळ्यांनी जाळं बांधायला खुंट रोवला होता. शेवाळलेला, एकटा.

“खुंटा, खुंटा, फडकं दाखव.
कप्तान जहाजाला सांगेना,
जहाज हळू जाईना,
लाट दार सोडेना,
अंड्यांना हवा मिळेना.”

खुंट म्हणाला, “मी नाही दाखवत. फडकं कुठंय? पोशीबायनं बांधलं, की दाखवीन.”

पोशीबाय कोळीण जवळच होती. गुडघाभर चिखलात. शिंपल्या काढत होती.

“पोशीबाय, पोशीबाय, फडकं बांध.
खुंट फडकं दाखवेना,
कप्तान जहाजाला सांगेना,
जहाज हळू जाईना,
लाट दार सोडेना,
अंड्यांना हवा मिळेना.”

पोशीबाय म्हणाली, “मी नाही बांधत. फडकं जाळ्याच्या खुणेसाठी असतं रं. निवट्यासाठी कोण बांधतं? तुला तर आम्ही कालवणात घालतो.”

निवटा घाबरला. पण हलला नाही.

“घाल कालवणात. आधी फडकं बांध.”

पोशीबाय हसली.

मग हसायची थांबली.

पाणी मागे चाललं होतं. आवाज नाही. भरतीची वेळ, आणि पाणी मागे.

“हे काय रं?”

“जहाज येतंय,” निवटा म्हणाला. “आधी पाणी जातं. मग येतं.”

पोशीबायनं एक पाय उचलला. निघेना. दुसरा उचलला. निघेना. चिखलानं धरून ठेवलेले.

धुक्यात कुठंतरी घुम्म.

पोशीबायच्या डोक्यावर लाल फडक्याची चुंबळ होती, टोपली ठेवायला. तिनं ती ओढली, उलगडली. खुंट हाताशी होता. गच्च गाठ मारली.

“माझ्या पायांसाठी बांधते,” ती म्हणाली. “आणि तुझ्या अंड्यांसाठी पण. बघतोस काय, धर खुंट.”

पोशीबायनं फडकं बांधलं.
खुंटानं फडकं दाखवलं.
कप्तानानं जहाजाला सांगितलं.
जहाज हळू गेलं.

फार हळू. सावली अंगावरून सरकली. सरकतच राहिली. पोशीबायनं वर पाहिलं नाही.

मग लाट आली. पोशीबायच्या गुडघ्याला लागली. चिखल सैल झाला, पाय निघाले. निवट्याच्या दाराशी आली. आत डोकावली.

लाटेनं दार सोडलं.

निवट्यानं उकरलं. उकर, उकर, उकर. गाल भरले. आत गेला.

आत काळोख. फुस्स. एक अंडं हललं. दोन हलली. सहा हलली.

सातवं हलेना.

निवटा परत वर. परत गाल भरले. परत आत.

फुस्स.

सातवं हललं.

गोष्ट बिळात गेली. आता तिला त्रास देऊ नका. पाय धुवा, जेवायला बसा.