जीपचा पुढचा शाफ्ट

कराडच्या एका सोसायटीत हैबतराव जगदाळ्यांची जुनी फोर बाय फोर जीप चेअरमन खानविलकरांच्या डोळ्यात खुपत होती. म्हाताऱ्यानं तिचं इंजिन स्वतः बांधलं होतं, वर हे मोठे उंच टायर चढवले होते. चेअरमनना मात्र तिची पार्किंगची जागा लेकाच्या नव्या कारसाठी हवी होती. त्यांनी भर सभेत फर्मान काढलं, "रविवारी जी गाडी स्वतःच्या इंजिनावर फाटकाबाहेर जाऊन येणार नाही, ती भंगारात!"

रविवारी सकाळी हैबतराव जीपखाली शिरले. मागची चाकं फिरवणारा शाफ्ट त्यांनी दुरुस्तीसाठी काढून तिथंच ठेवला होता. तो गायब! म्हाताऱ्यानं एक कचकचीत शिवी हासडली, पण बोभाटा केला नाही.

सगळे जमले. भंगारवालाही टेम्पो घेऊन हजर.

"मारा स्टार्टर, हैबतराव!" चेअरमन मिशीत हसले.

हैबतरावांनी फोर व्हीलची लिव्हर ओढली. पुढच्या चाकांनी जोर धरला आणि जीप फाटकाबाहेर जाऊन ऐटीत परत आली.

"अशक्य!" चेअरमन ओरडले. "मागचा शाफ्ट नसताना गाडी चालेलच कशी?"

"पुढच्या चाकांनाही शाफ्ट असतो, चेअरमन. पण मागचा नाही हे मी बायकोलासुद्धा बोललो नव्हतो. तुम्हाला कुणी सांगितलं?"

सगळ्यांच्या माना खानविलकरांकडे वळल्या. भंगारवाला हळूच टेम्पोकडे निघाला.

"थांब की गड्या," हैबतराव म्हणाले. "यांच्या घरातून माझं एक लोखंड खाली आणायचंय. जरा हात लाव."